वाचकांचे प्रश्न : उपकरण ज्येष्ठांसाठी, पण विचारले कोणाला?

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आले होते. एकटे राहणाऱ्यांसाठी त्यांनी मनगटावर बांधायचे उपकरण तयार केले असून, माणूस पडला की मुलांच्या फोनवर आपोआप सूचना जाते. आमच्या काही सभासदांनी ते महिनाभर वापरावे आणि शेवटी प्रश्नावली भरून द्यावी, अशी त्यांची विनंती आहे. विद्यार्थी मनापासून काम करणारे आहेत. तरी ‘आमचे काम एवढेच का?’ असे सभासद विचारतात. काय कळवावे?
— संघाचे एक कार्यवाह, ठाणे

उत्तर : होकार कळवावा; मात्र प्रश्नावली भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांना सभासदांच्या घरी बोलवावे. वस्तू तयार झाल्यावर मत विचारले की पट्ट्याचा रंग आणि अक्षरांचा आकार एवढेच बदलता येते. ती मुळात मनगटावर हवी होती का, सूचना मुलांकडेच जायला हवी होती का, हे ठरवण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

सभासदांची शंका किती रास्त आहे, हे इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्यांचा वर्षभर मागोवा घेऊन केलेल्या अभ्यासावरून दिसते. तो २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पडण्याच्या ८२ टक्के प्रसंगी माणूस एकटा होता आणि पडलेल्यांपैकी ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवरच होते. मदत मागण्याचे बटण अनेकांच्या घरी होते, तरी बराच वेळ पडून राहावे लागलेल्या बहुतेक प्रसंगी त्याचा उपयोग झाला नाही. काहींना त्याची गरजच पटली नव्हती, काहींना ते गळ्यात घालण्याची सवय लागली नव्हती, तर काहींनी पडल्यावरही ते जाणूनबुजून दाबले नाही. यंत्र ठणठणीत असूनही उपयोग शून्य, असा हा प्रकार आहे आणि तो प्रयोगशाळेत बसून लक्षात येण्यासारखा नाही.

तरुण अभियंत्यांना वार्धक्याची कल्पना यावी म्हणून अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या एजलॅब या प्रयोगशाळेने ‘ॲग्नेस’ नावाचा पोशाख तयार केला आहे. तो चढवला की सांधे आखडतात आणि हालचाल जड होते. अशा पोशाखाने जाणीव वाढते, हे मी मान्य करतो. परंतु तो संध्याकाळी काढून ठेवता येतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी संसार करताना माणसाने शोधलेल्या युक्त्या त्यात कोठून येणार? ‘आयडिओ’ या डिझाइन कंपनीने बार्बरा बेस्किंड यांना नव्वदीच्या सुमारास आपल्या कामात सामील करून घेतले, ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्या अमेरिकी सैन्यात व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे आजारी किंवा जखमी माणसाला रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या, होत्या आणि त्यांची स्वतःची दृष्टीही अधू झाली होती.

विद्यार्थी घरी आले की त्यांना दिवसभराचा क्रम दाखवावा. अंघोळीला जाताना पट्टा काढून ठेवला जातो, आणि घसरण्याची भीती तिथेच जास्त असते. पाटल्या-बांगड्यांच्या हातात तो कुठे बसेल? भाजी निवडायला किंवा देवपूजेला खाली बसणे हे पडणेच आहे, असा यंत्राचा समज होणार नाही ना? वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मग त्याची बारीक शिटी कोणासाठी? मुलगा अमेरिकेत असेल, तर आपल्या दुपारी त्याच्याकडे रात्र असते. सूचना आधी शेजारच्या काकूंना किंवा सोसायटीच्या पहारेकऱ्याला जावी, हे सभासदांनीच सुचवायला हवे.

आणखी एक गोष्ट. संघाच्या सभेला येणारे बहुधा त्यातल्या त्यात धडधाकट आणि लिहिते-वाचते असतात. जे जिना उतरू शकत नाहीत, ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांची अक्षरओळख नाही, त्यांच्यापर्यंत विद्यार्थ्यांना आपणच न्यावे. सभासदांच्या वेळेचा मोबदला, जमणाऱ्या माहितीवरचा हक्क आणि अर्ध्यावर थांबण्याची मुभा या बाबी सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्याव्यात. ‘हे आम्हाला नको’ हे उत्तरही अहवालात नोंदवले जाईल, अशी हमी मागावी.

प्रश्न : ८१ वर्षांची आई गावी एकटी राहते. घरात कॅमेरे बसवू म्हटले की ती चिडते. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कॅमेऱ्याचा आग्रह सोडावा. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये चहाच्या पाण्याच्या विजेच्या भांड्याला जोडून एक सेवा सुरू केली. भांडे वापरले की त्याची खबर दूरच्या नातेवाइकांना मिळते. चित्र कोणाचेच दिसत नाही. सकाळच्या कोणत्या कामावरून आपली खुशाली कळलेली चालेल, हे आईंनाच विचारावे : देवघरातला दिवा, अंगणाचे दार की चहाचे आधण. त्यांनी निवडलेल्या ठिकाणीच साधा संवेदक (सेन्सर) बसवावा, खबर कोणाकोणाला जाते ते त्यांना सांगावे आणि तो बंद करण्याचे बटण त्यांच्या हाती ठेवावे. कदाचित त्या ‘रोज सकाळी सातला फोन करते’ एवढेच म्हणतील. तसे असेल तर काहीच विकत आणू नये.