आमच्या घराण्याची वही

प्रश्न : माझे सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांच्या ट्रंकेत घराण्याची माहिती लिहिलेली वही सापडली. नावं, सालं, सगळं आहे. पण कुणी सांगितलं, कुठल्या कागदावरून घेतलं, ते कुठेच नाही. मूळ गाव बार्शी तालुक्यातलं. हे काम मला पुढे न्यायचंय. नोंदी कशा ठेवू?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, सासऱ्यांच्या वहीत पेन लावू नका. चूक दिसली तरी नाही. नव्या वहीत उतरवताना पुढे लिहा : 'सासऱ्यांची वही, पान 6'.

मी चादरीच्या कारखान्यात 31 वर्षं हिशेब लिहिले. घराण्याच्या नोंदीही मी तशाच ठेवतो : एक रोजकीर्द, एक खतावणी. रोजकिर्दीत त्या दिवशी काय केलं ते. कुठे गेलो, कोणतं दप्तर पाहिलं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. काही सापडलं नाही तर तेही, नाहीतर दोन वर्षांनी त्याच तहसील कचेरीत तेच कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं रजिस्टर, पुन्हा उपसत बसाल. खतावणीत माणसागणिक एक पान, आणि प्रत्येक ओळीला रोजकिर्दीचा पान नंबर. बायकांना माहेरच्या नावाने स्वतंत्र पान द्या. बहुतेक वह्यांत त्या 'अमक्याची पत्नी' एवढ्यावरच संपतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हे मी ठेच लागून शिकलो. पणजोबा कधी गेले, असं आत्याला विचारलं होतं. मी वहीत फक्त '1918' लिहिलं. पुढे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांच्या सर्वांत धाकट्या भावाचा जन्म 1921 चा निघाला. आत्या नेमकं काय म्हणाली होती? साल तिने सांगितलं, की ती 'मानमोडीच्या' म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या 'आसपास' म्हणाली आणि 1918 मी धरलं? तोवर आत्या राहिली नव्हती. तो प्रश्न आजही तसाच आहे.

म्हणून सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, तुमचा हिशेब शेजारी, वेगळ्या शाईने. जुन्या कागदांवर शक असतो. त्यात 78 मिळवायचे, पण जानेवारी उजाडला की 79. आपल्या सोलापूरचे चार हुतात्मे 12 जानेवारी 1931 ला फाशी गेले, तेव्हा शके 1852 चालू होतं. नुसते 78 मिळवले तर 1930 येईल. त्यामुळे मूळ शकही खोडू नका. मोडी कागद असेल तर वाचून देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. न लागलेलं अक्षर अंदाजाने भरू नका, टिंबं ठेवा.

सासूबाई असतील तर बार्शीला नंतर जा. आधी ती वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, एकेक नाव वाचून दाखवा. सासरे कुणाकुणाकडे जाऊन विचारत होते, ते त्यांना आठवत असेल. रोजकिर्दीचं पहिलं पान तेच.