इतिहास परिषदेत वाचलेल्या निबंधाचा फक्त गोषवारा मिळतोय. पूर्ण निबंध कुठे मिळेल?

'गाईड म्हणतात गोषवाऱ्यावरूनच संदर्भ दे,' हे तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. देऊ नका.

पीएचडीला माझा विषय होता इनाम कमिशन, १८५२ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात इनामांची, म्हणजे आधीच्या राजवटींनी करमाफ दिलेल्या जमिनी-गावांची, छाननी करणारं. पुणे जिल्ह्याबद्दल बोलायचं तर प्रत्येकजण एकाच निबंधाचा हवाला द्यायचा, सत्तरच्या दशकात परिषदेत वाचलेल्या. इतिवृत्तात त्याच्या जेमतेम बारा ओळी. आमचे सर म्हणाले, "सगळे देतात, तूही दे, प्रकरण संपव." मी लेखकाच्या जुन्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. ते वारले होते. उत्तर सूनबाईंचं आलं: माळ्यावर ट्रंक आहे, येऊन बघा.

एसटीनं गेले. डांबरगोळ्यांच्या वासात दोन तास उपसाउपशी केल्यावर टाइप केलेल्या निबंधाची कार्बन कॉपी सापडली. पातळ कागद, टाचणी गंजून तिच्याभोवती तांबूस डाग पडलेला. आणि तिसऱ्या पानाच्या समासात निळ्या शाईनं लिहिलेलं: 'फक्त इंदापूर व भीमथडी. बाकी तालुक्यांची दफ्तरं पाहिलेली नाहीत.' गोषवाऱ्यात होतं 'पुणे जिल्ह्यात'. दोन तालुक्यांवरचं विधान तीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याच्या नावावर खपत होतं, आणि ते वापरणाऱ्यांपैकी कुणीही निबंध पाहिलेला नव्हता. ती टीप उतरवून घेताना माझा हात थरथरत होता.

तुमच्यासाठी एवढंच सांगते. इंडियन हिस्टरी काँग्रेसची, म्हणजे तुमच्या या इतिहास परिषदेची, इतिवृत्तं जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या संकेतस्थळावर आहेत, तिथे मोफत खातं काढूनही बरंच वाचता येतं. पण वाचलेला प्रत्येक निबंध पूर्ण छापत नाहीत, त्यामुळे तुमचा निबंध तिथे नसेलही. मग लेखकाच्या नावानं पुढच्या पाच-सात वर्षांचे अंक चाळा, तोच मजकूर शीर्षक बदलून एखाद्या त्रैमासिकात आलेला असतो. लेखकानं नंतर पीएचडी केली असेल तर शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध बघा, एखादं प्रकरण म्हणजे तोच निबंध असतो. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात जा. या परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३५ साली पुण्यातच, मंडळाच्या पुढाकारानं भरलं होतं. आणि लेखकाला किंवा घरच्यांना पत्र लिहाच. लाजायचं काय त्यात?

घरातून मिळालेली प्रत मात्र परवानगीशिवाय छापू नका, आणि संदर्भात 'अप्रकाशित टंकलिखित, खाजगी संग्रह' असं स्पष्ट लिहा. ट्रंक रद्दीत गेलेली असू शकते, हेही खरं. तसं झालं तर 'केवळ गोषवारा पाहिला' असं तळटीपेत लिहून मोकळे व्हा. आमच्या सरांना मी तेवढंच लिहू द्या म्हणत होते. ते म्हणाले, असं लिहिलं तर परीक्षकांना तुझा अभ्यास कच्चा वाटेल. मी कार्बन कॉपीची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी समासातली ती ओळ दोनदा वाचली आणि स्वतःच्या पुस्तकातलं त्या निबंधाचा हवाला दिलेलं पान काढून बघितलं. तिथेही 'पुणे जिल्ह्यात' असंच होतं.