मॅक्रो वापरू की नको?

प्रश्न: आर्डुइनो उनोवर (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) सी मध्ये थेट रजिस्टर, म्हणजे चिपच्या पिना चालवणाऱ्या मेमरीच्या जागा, हाताळतोय. कोडभर पोर्टबी, १ पाच घरं डावीकडे सरकव, ऑर कर असलंच, नंतर वाचताना मलाच कळत नाही. मॅक्रोने, म्हणजे कोडच्या तुकड्याला नाव देऊन, फरक पडेल का?

उत्तर: खूप पडेल! पाचव्या बिटवर बोर्डचा एलईडी आहे हे डेटाशीट न उघडता कळणार कसं? वर एकदा डिफाइन करून त्याला एलईडी_बिट नाव द्या, बिट ऑन-ऑफचे दोन मॅक्रो करा, मग ओळ वाचतानाच अर्थ लागतो आणि पिन बदलली तरी एकाच जागी बदल, शिवाय वेग जराही कमी होत नाही.

पण प्रीप्रोसेसर (कंपाइल व्हायच्या आधी मॅक्रो उलगडणारा टप्पा) नुसता मजकूर चिकटवतो हं, दुप्पट(क्ष) म्हणजे क्ष + क्ष असं लिहिलंत आणि ३ * दुप्पट(४) केलंत तर २४ ऐवजी १६ येतात, म्हणून आर्ग्युमेंटला (मॅक्रोला दिलेल्या क्षला) आणि अख्ख्या एक्स्प्रेशनला कंस हवाच हवा. हिशोब असेल तिथे मला स्टॅटिक इनलाइन फंक्शनच (कंपाइलर जागच्या जागी बसवू शकतो असं छोटं फंक्शन) बरं वाटतं, टाइप तपासला जातो, आय++ (आय एकने वाढव) दिलं तरी ते दोनदा होत नाही. शंका आली की जीसीसी या कंपाइलरला मायनस कॅपिटल ई देऊन बघा, मॅक्रो उलगडून काय झालंय ते समोर दिसतं.