आधी पुस्तिका, मग प्रणाली

प्रश्न : मला संगणकावर लिनक्स ही प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) वापरून पाहायची आहे. परंतु जे मार्गदर्शन हाती लागते ते मला अर्धेअधिक ठाऊकच आहे असे धरून चालते, आणि त्यातील निम्म्या कमांड (टंकून द्यायच्या आज्ञा) माझ्याकडे चालत नाहीत. ‘आधी मॅन पेज, म्हणजे कमांडचे संगणकातच असलेले माहितीपान, वाचा’ असे एका जाणकाराने सांगितले. वाचले, पण काही उमगले नाही. अगदी नवख्या माणसासाठी लिहिलेली माहिती कोठे शोधावी?

उत्तर : मॅन पेज उमगले नाही यात आपला दोष नाही. लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका १९७१ साली तयार झाली, आणि तेव्हापासून ही पाने प्रामुख्याने कमांड माहीत असलेल्याला तिचे पर्याय आठवून देण्यासाठी लिहिली जात आहेत. त्यामुळे नवख्याला ती वाचायला सांगणे म्हणजे भाषा शिकू पाहणाऱ्याच्या हाती नुसता शब्दकोश देणे होय.

कमांड न चालण्याचे कारण बहुधा वेगळे असते. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने (वितरण म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच) २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून संगणक सुरू होताना सेवा चालू करणारी व त्या सांभाळणारी सिस्टमडी ही व्यवस्था मूलभूत म्हणून स्वीकारली, आणि नेटवर्कची माहिती दाखवणारी जुनी ‘आयएफकॉन्फिग’ ही कमांड आता अनेक वितरणांत आपोआप येत नाही, तिच्या जागी ‘आयपी’ वापरतात. जुना मजकूर मात्र तसाच फिरत राहतो. म्हणून कोणतेही मार्गदर्शन वाचण्यापूर्वी ते कोणत्या वितरणाच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे हे पाहावे, आणि तसा उल्लेखच नसेल तर ते बाजूला ठेवावे.

माझे मत विचाराल तर प्रणाली निवडण्याआधी तिची अधिकृत पुस्तिका उघडून इन्स्टॉलेशनचे प्रकरण वाचावे, आणि डिस्कवरील काय पुसले जाणार आहे हे पुसण्याच्या पायरीआधी ती पुस्तिका सांगते की नंतर, एवढे तपासावे. या कसोटीवर मला लिनक्स मिंट या वितरणाची मार्गदर्शिका नवख्यांसाठी सर्वांत सोयीची वाटते. उतरवलेली फाइल अस्सल आहे का हे तपासणे, संगणक ज्यावरून सुरू होईल असा (बूट होणारा) पेनड्राइव्ह बनवणे, इन्स्टॉल न करता प्रणाली चालवून पाहणे आणि मग इन्स्टॉल करणे, असा तिचा क्रम आहे. उबुंटू या वितरणाच्या डेस्कटॉपबरोबर मदतपुस्तिका संगणकावरच येते, त्यामुळे इंटरनेट बंद पडले तरी ती वाचता येते. (उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना : २४.०४ ही एप्रिल २०२४ ची.) आर्च या वितरणाची आर्च विकी अत्यंत सखोल आहे, परंतु तिच्यातील पॅकेज (सॉफ्टवेअरचे संच) बसवण्याच्या कमांड आर्चच्या असल्याने त्या मिंटवर जशाच्या तशा टंकू नयेत. फ्रीबीएसडीची हँडबुकही उत्तम आहे, मात्र ती प्रणाली लिनक्स नव्हे.

महिन्याभराच्या सरावानंतर मॅन पेजकडे पुन्हा वळावे. पानाच्या नावापुढील कंसातला १ हा आकडा नेहमीच्या कमांडचा, ५ फाइलींच्या रचनेचा आणि ८ प्रशासकाच्या कमांडचा विभाग दाखवतो. पानाच्या शेवटी उदाहरणे दिली असतील तर वाचन तेथूनच सुरू करावे.