पणजोबांचा पट्टा

प्रश्न : ताई, माझे पणजोबा अकराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत लागले आणि म्हातारपणापर्यंत तिथेच राबले. दिव्याची बॅटरी अडकवायचा त्यांचा रुंद चामडी पट्टा आमच्याकडे आहे. भावाला तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचाय. पण बाबांच्या आत्याने (वय ८६) मला सांगितलं, की पगाराच्या दिवशी ते पिऊन यायचे आणि याच पट्ट्याने पणजीला मारायचे. एकदा ती धाकट्या मुलीला घेऊन निघून गेली, वर्षभराने परतली. बाबा म्हणतात, मेलेल्यांची धुणी धुऊ नकोस. त्यांचाही राग भयंकर. आणि गेल्या आठवड्यात मी मुलाच्या अंगावर रिमोट फेकला. हे आमच्या रक्तातच आहे का?

उत्तर : शेवटचं आधी घेते. पणजोबा थांबतील, तुमच्या मुलाला थांबवून ठेवता येणार नाही. घरात मोठी माणसं चिडली की काय करतात, हे मूल बघतं आणि उचलतं. तुम्ही बाबांकडून उचललंत, बाबांनी कुठून उचललं असेल ते तुम्हाला आता कळलंय. एकदा जडलेली सवय मोडायला कठीण असते, पण मोडता येते. आज मुलाला ‘माझं चुकलं’ म्हणा. त्याला जोडून ‘पण तू पण...’ नको. पुन्हा हात उठला तर समुपदेशकाकडे जा, त्यात लाज कसली?

आता पणजोबा. खाणीत पगार बहुधा कोळशाने भरलेल्या टबांवर, म्हणजे छोट्या गाड्यांवर ठरायचा, टबात दगड जास्त निघाले की पैसे कापले जायचे. वर कधीही कोसळेल असं छत, आत स्फोट होऊ शकणारा मिथेन वायू. १९०६ मध्ये फ्रान्सच्या कूरिएर खाणीत स्फोट झाला, १,०९९ माणसं गेली, आणि वीस दिवसांनी तेरा जण जिवंत बाहेर आले. तेवढे दिवस त्यांच्या घरच्यांनी त्यांना मेलेलंच धरलं असणार. यातून जगलेल्याच्या छातीत धूळ साचत जायची. काम सुटलं तरी तो आजार वाढू शकतो, आणि अमेरिकेत त्यासाठी देशभर लागू होणारा भरपाईचा कायदा व्हायला १९६९ उजाडावं लागलं. अकराव्या वर्षी अंधारात उतरलेल्या त्या पोराबद्दल तुम्हाला गलबलून येत असेल तर येऊ द्या. त्यात पणजीशी बेइमानी होत नाही.

पण इथेच घसरायला होतं. ‘बिचारा, खाणीने त्याला तसं केलं’ असं म्हटलं की सगळं मिटतं, आणि बाबांना तेच हवंय. अहो, त्याच पाळीत, तेवढ्याच पगारात, बायकोवर कधी हात न उचललेली माणसंही होती. खाणीने पणजोबांना दमवलं, आजारी पाडलं. पट्टा मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. पणजी बिचारी पाळी सुटायच्या वेळेला दोन्ही भीती धरून बसत असेल : तो आलाच नाही तर, आणि आला तर.

पत्रातल्या वयांचा हिशोब मांडला तर वाटतं, आईबरोबर घर सोडलेली ती धाकटी मुलगी म्हणजे या आत्याच असाव्यात. तसं असेल तर त्या कानावर आलेलं सांगत नाहीयेत, डोळ्यांनी पाहिलेलं सांगताहेत. भावाला एवढंच विचारा : उद्या त्या तुझ्याकडे आल्या आणि सोफ्यावर बसल्या, की समोर काय दिसणार? माझ्या मते त्याला दुसरा युक्तिवाद लागणार नाही. पट्टा फेकू नका, कपाटात ठेवा. सोबत एका कागदावर दोन्ही गोष्टी लिहा, तो कशासाठी होता आणि कशासाठी वापरला गेला. बाबांची परवानगी मागत बसू नका. त्यांच्या समोर वाचून दाखवायचा हट्टही नको.

तुमचं मूळ पत्र अडीच पानांचं आहे, इथे थोडक्यात छापलंय. त्यात पणजोबांचं नाव सात वेळा आलंय. पणजीचं एकदाही नाही. त्या वर्षभर कुठे राहिल्या, काय काम केलं, परत का आल्या, हेही नाही. आत्या दुपारी झोपतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा सकाळीच जा, आणि पहिल्यांदा नाव विचारा.