ते ‘हो’ खरं धरू नका

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ७८ टक्के आहेत, सीईटीही बरी गेली. पण त्याला मानसशास्त्र घ्यायचंय. माणसं जमावात गेली की हात का उचलतात, ते म्हणे शिकायचंय. हे शिकून वेड्यांच्या इस्पितळात बसणार का? घरी बैठक घेतली. माझे दोघे भाऊ, त्याचा मामा, क्लासचे सर, सगळ्यांनी समजावलं. उलट बोलला म्हणून मी एक थोबाडीत दिली. शेवटी ‘हो, इंजिनिअरिंग घेतो’ म्हणाला. आता धड जेवत नाही, बोलत नाही. चांगलं कॉलेज सुचवा.
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : कॉलेज मी सुचवणार नाही.

तुमच्या पत्रातले टक्के मी एकदा वाचले, थोबाडीत तीनदा. घरात तुम्ही दोघंच असता तर हात उठला असता का? मला नाही वाटत. भाऊ बघत होते, मेहुणा बघत होता, पोरगं सगळ्यांदेखत उलट बोललं. एकटा माणूस जे करणार नाही, ते चारचौघांत पत राखायला करून बसतो. तुमचा मुलगा हेच तर शिकायचं म्हणतोय. पहिला धडा त्याला घरच्या हॉलमध्येच मिळाला.

आता त्याचं ‘हो’. १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तिघींतली तेवढ्याच लांबीची कुठली, ते विचारायचं. लहान मूलही चुकणार नाही. पण खोलीतले बाकीचे सगळे, आधी ठरवून, एकसुरात चूक उत्तर देत, तेव्हा बिचारा खरा परीक्षार्थी सुमारे एक-तृतीयांश वेळा त्यांच्यामागे गेला. रेघेपायी ही गत! इथे तर बाप, काका, मामा आणि वर थप्पड. मुलाला पटलेलं नाही, तो थकलाय. त्या प्रयोगात एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी दबाव एकदम सैल पडे. तुमच्या पत्रात मुलाच्या आईचं नावही नाही. त्या बैठकीत होत्या, की आत चहा करत होत्या?

इस्पितळाचं म्हणाल, तर मनोरुग्णांवर उपचार ही या विषयाची एक शाखा. मुलाला हवी ती दुसरी. जमाव म्हणजे डोकं गमावलेली माणसं, हे फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ यांचं १८९५चं मत आपल्याकडे अजून टपरीवर चालतं. १९८०मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात दंगल झाली. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर यांनी तिचा अभ्यास केला, तर जमावाचा रोख पोलिसांवर होता, वस्तीतली घरं सोडलेली. म्हणजे गर्दीलाही आपलं-परकं कळतं. २००३च्या सिंहस्थात आपल्या नाशकात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. ‘लोक बिथरले’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण अशा ठिकाणी बहुतेकदा वाट अरुंद असते आणि मागून रेटणाऱ्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही. २०२७ला सिंहस्थ पुन्हा आहे. तुमच्या मुलाचा विषय रामकुंडापासून फार लांबचा नाही.

सायन्सवाल्यालाही बी.ए. मानसशास्त्राला प्रवेश मिळतो, पुढे एम.ए., कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा. सुरुवातीचा पगार इंजिनिअरएवढा असेल असं खोटं सांगणार नाही.

फॉर्म भरण्याआधी त्याला पुन्हा विचारा. भाऊ नकोत, सर नकोत; आई मात्र हवी. थप्पडीची माफीही मागा. ती भावांसमोर.