सोसायटीच रंगमंच: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आमच्या सोसायटीत तळमजला अधिक तीन मजल्यांच्या सहा इमारती आहेत, एकूण ९६ घरं. स्टेज न बांधता साऱ्या आवारात एक खेळकर प्रयोग करायचा आहे, ज्यात रहिवाशांनी नुसतं बघायचं नाही, करायचं. सुरुवात कुठून करावी? (डोंबिवली)

चिठ्ठीपासून. संहिता, संवाद, पाठांतर यांच्या वाटेला जाऊ नका. ॲलन काप्रो या अमेरिकी कलाकाराने १९५९ साली न्यूयॉर्कच्या रुबेन गॅलरीत जो प्रयोग केला, त्यात कुठे बसायचं आणि कधी उठून दुसऱ्या खोलीत जायचं हे प्रेक्षकांना कार्डावर लिहूनच दिलं होतं. ती युक्ती आजही चालते.

एका चिठ्ठीत एकच कृती आणि एकच वेळ लिहा: ‘दुसरी घंटा झाली की गॅलरीत या आणि उशी उन्हात घालत असल्यासारखी झटका.’ चिठ्ठीत ‘मुक्तपणे व्यक्त व्हा’ असं लिहिलंत की माणसं अवघडून उभी राहतात. ‘उशी झटका’ म्हटलं की झटकतात. चिठ्ठ्या ९६ वाटा, पण निम्म्याच घरांनी साथ दिली तरी प्रयोग उभा राहील असा आराखडा ठेवा. कुलूपबंद घरं असतात, कुणाकडे पाहुणे येतात, कुणाच्या घरी नेमका त्या दिवशी ताप असतो.

फिरणाऱ्यांचे १२-१२ जणांचे सहा गट करा आणि प्रत्येक इमारतीत एक गट सोडा. आत ७ मिनिटं, पुढच्या इमारतीपर्यंत ३, म्हणजे तासाभरात सगळे गट सगळीकडे फिरून होतात. गाडी अडते ती जिन्यात. चढणारा आणि उतरणारा गट एकाच जिन्यात भेटले की दोघांचीही कोंडी होते, म्हणून एका वेळी एका जिन्यात एकच गट. गट बदलायला शाळेत असते तशी पितळी घंटा घ्या. व्हॉट्सॲपवर विसंबू नका, एकच निरोप कुणाच्या फोनवर लगेच पोचतो, कुणाच्या दोन मिनिटांनी. आणि सहाही जागी तोच खेळ सहा वेळा करावा लागणार, तेव्हा घसा फाटेल असं काम कुणाला देऊ नका.

वेळ रविवारी संध्याकाळी पाच ते सहा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच्या पुढे गेलात तर गॅलरीतली माणसं नुसत्या सावल्या दिसतील. त्याआधी नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारून घ्या. पाण्याच्या वेळेला कुणीही तुमच्यासाठी गॅलरीत येणार नाही, आणि यायलाही नको.

सगळ्या गॅलऱ्यांतून एकाच ठेक्यात थाळ्या वाजवायच्या होत्या. तालमीत नुसता गोंधळ झाला. लोकांना ताल नाही का? (सातारा)

लोकांना ताल असतो. आवाजाला वेळ लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन टोकांच्या इमारतींत ७० मीटर अंतर असेल तर पलीकडची थाळी तुम्हाला ०.२ सेकंद उशिरा ऐकू येते. मग तुम्ही तिच्याशी जुळवून घ्यायला थांबता, ते तुमच्यासाठी थांबतात आणि लय दर फेरीला मंदावते. समोरासमोरच्या भिंतींमधला घुमारा भर घालतो तो वेगळाच.

उपाय दोन. पहिला, इशारा कानाला न देता डोळ्याला द्या: सगळ्या गॅलऱ्यांतून दिसेल अशा गच्चीवर एकाने मोठं पिवळं कापड वर-खाली करायचं आणि सगळ्यांनी त्याकडेच बघून वाजवायचं. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला मग बरंच एकत्र ऐकू येतं. दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो: एकत्र वाजवायचा हट्टच सोडा. डावीकडच्या गॅलरीने एकदा वाजवायचं, ते ऐकलं की शेजारच्या गॅलरीने. थाळीचा आवाज इमारतींवरून धावत जातो. एखादं घर रिकामं निघालं तर त्याच्या पुढच्याने शेजाऱ्याकडे कान न लावता आधीच्याचा हात बघावा.

दोन इमारतींमध्ये दोऱ्या बांधून त्यावर घराघरातले कपडे लावायचे आहेत. कोणती दोरी घ्यावी? (नाशिक)

दोरीपेक्षा झोळ महत्त्वाचा. सगळेच दोरी ताणून सरळ करायला जातात आणि तिथेच फसतात. अंतर २० मीटर आणि दोरीसकट कपड्यांचं वजन ४ किलो धरा. मध्ये १ मीटर झोळ ठेवला तर प्रत्येक टोकावर सुमारे १० किलोचा ताण येतो. झोळ २० सेंटिमीटरच ठेवला तर तोच ताण ५० किलोच्या घरात जातो, आणि त्यात अजून वारा धरलेला नाही. गंजक्या ग्रिलची जोडणी इथेच सुटते. दोरी ग्रिलला किंवा पाण्याच्या पाइपला बांधू नका. पक्क्या खांबाला दोन वेढे देऊन बांधा, खाली गोणपाटाची घडी घाला म्हणजे कडेवर घासून झिजणार नाही.

८ मिलिमीटरची सुती किंवा पॉलिप्रॉपिलीनची दोरी पुरते. नायलॉन ताणला की लांबतो, सकाळी नीट दिसणारी रांग संध्याकाळी डोक्याला लागते. चादरी नकोत, त्या शिडासारखा वारा धरतात; सदरे, टॉवेल, झबली ठीक. चिमटे कपड्याला दोन लावा. विजेची तार जवळून जात असेल तर ती जागाच सोडा.

परवानगी कुणाची लागते? (ठाणे)

आवाराच्या आत कार्यकारिणीची, तीही लेखी आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवलेली. सचिवांच्या तोंडी ‘करा हो’वर जाऊ नका. अर्जात गच्ची किती वेळ उघडी राहील आणि किल्ली कुणाकडे असेल हे लिहा. बहुतेक वाद गच्चीच्या किल्लीवरून होतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि भोंगा लावायचा तर वेगळी परवानगी. भोंगाच न लावणं उत्तम. गेटबाहेरच्या रस्त्यावर पाऊल टाकणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी जाऊन या.

लोक भाग घेण्याऐवजी मोबाइलवर चित्रीकरण करत बसतात. काय करावं? (पुणे)

‘फोन बंद करा’ असं सांगून उपयोग नाही. दोन्ही हात गुंतवा. काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या तिसऱ्या मजल्यापर्यंत न सांडता पोचवायला द्या, किंवा दोघांत एक सतरंजी चार टोकं धरून न्यायला द्या. फोन आपोआप खिशात जातो.

ज्यांना नको आहे त्यांना ‘नको’ म्हणण्याची सोय हवी. दाराच्या कडीला लाल दोरा असेल तिथेच बेल वाजवायची, नसेल तिथे नाही. घरकामाच्या बायका आणि वॉचमन यांना चिठ्ठ्या द्यायला विसरतात. कोणतं दार कधी उघडतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मुलं ठरल्यापेक्षा तिप्पट येतील, त्यांच्यासाठी ३० कामांच्या जादा चिठ्ठ्या खिशात ठेवा.

आमच्याकडे म्हणतात, ही कला कसली, हे तर गणपतीतले खेळ. (कोल्हापूर)

म्हणू द्या. फक्त बक्षीस ठेवू नका. बक्षीस आलं की सगळ्यांचं लक्ष पंचांकडे जातं. काप्रोनेच १९६७ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात लोकांकडून बर्फाच्या लाद्यांच्या खोल्या रचून घेतल्या आणि त्या वितळू दिल्या. कुणी जिंकलं नाही, काही उरलंही नाही.

लिफ्टमध्ये एक प्रवेश ठेवावा का? (नवी मुंबई)

जरूर, पण हिशेबाने. सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो लिहिलेलं असतं, म्हणजे माणशी ६८. कलाकार, त्याचं स्टूल, हार्मोनियम हे सगळं त्यातच मोजा आणि प्रेक्षक चारच घ्या. दार हाताने अडवून संवाद पुरा करू नका. बऱ्याच लिफ्ट थोड्या वेळाने किंचाळू लागतात. प्रवेश तळमजला ते तिसऱ्या मजल्याच्या प्रवासाइतकाच लांब हवा, तो आधी घड्याळ लावून मोजा. आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना वर जायचं असेल तर त्या वेळी प्रवेश रद्द, लिफ्ट त्यांची. स्टूलही बाहेर काढा.